मऊ तळवा, जखडलेली साखळी: टीपीआर सोलच्या सँडलचे परीक्षण

बडोद्यात मांडवीकडून लहरीपुरा दरवाज्याकडे येताना चपला-बुटांची जी दुकाने लागतात, त्यांतील एका जुन्या दुकानातून घेतलेल्या टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर, म्हणजे तापवून पुन्हा वितळवता येणारे रबर) सोलच्या सँडलचे हे परीक्षण आहे. ही सँडल मी उन्हाळ्याच्या तोंडाशी घेतली, भर उन्हाळ्यात आणि नंतर पावसाळ्यात रोज वापरली, आणि सोल झिजत आल्यावर त्याचे तुकडे कापून त्यांच्यावर घरी जमतील तेवढ्या चाचण्याही केल्या. निष्कर्ष आधीच सांगतो. रोज चालण्यासाठी ही सँडल मी निःशंकपणे सुचवीन, पण उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत चपला ठेवून देण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ती घेऊ नये. या दोन्ही मतांमागचे कारण एकच आहे. सोलमधील रेणूंची मांडणी त्यांची एक प्रकारची हालचाल पूर्ण मोकळी ठेवते आणि दुसऱ्या प्रकारची जवळजवळ बंद करते. टीपीआरचा सोल विकत घेताना आपण खरे तर या दोन हालचालींमधील फरकाचेच पैसे मोजत असतो, आणि चांगल्या व वाईट सोलमधील भेदही तिथेच असतो.

सँडलचा वरचा भाग साध्या कृत्रिम चामड्याचा आहे आणि त्याबद्दल फारसे सांगण्यासारखे काही नाही. पट्ट्यांची शिलाई सरळ आहे, बक्कल गंजलेले नाही, पायाखालचे अस्तर मात्र घामाने लवकर काळे पडते. पाहण्यासारखा आहे तो सोल. तो अखंड ओतीव आहे, टाचेपाशी बोटभर जाड आणि पुढे निमुळता. टाचेच्या मागच्या कडेला साच्यात माल शिरल्याची वाटाण्याएवढी गोल खूण आहे. दुकानदारांनी सोल माझ्यासमोर दुमडून टाचेला बोटे टेकवली आणि म्हणाले, "काका, सोडल्यावर बघा, सुरकुतीसुद्धा राहायची नाही." ती राहिली नाही. अंगठ्याचे नख रोवले की खळगा पडतो आणि नख काढताच बुजतो. रबराकडून आपली हीच अपेक्षा असते. तरीही या रबराला गंधकाची प्रक्रिया दिलेली नसते, ते भट्टीत पक्के केलेले नसते, आणि झिजलेला सोल वितळवून त्याचे पुन्हा दाणे करता येतात. ज्या पदार्थाचे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडलेलेच नाहीत, तो पदार्थ दुमडल्यावर मूळ आकारात का परततो, हा प्रश्न मला या सँडलच्या किमतीहून महत्त्वाचा वाटतो.

सोलसाठी वापरला जाणारा टीपीआर हा बहुतेक वेळा स्टायरीन-ब्युटाडाईन-स्टायरीन, म्हणजे एसबीएस या ब्लॉक कोपॉलिमरमध्ये (ज्याच्या लांब साखळीसारख्या रेणूत वेगवेगळ्या पदार्थांचे खंड एकापुढे एक जोडलेले असतात) तेल, चॉक पावडर आणि थोडे साधे पॉलिस्टायरीन मिसळून केलेला माल असतो. एसबीएसच्या प्रत्येक साखळीचा मधला मोठा खंड पॉलिब्युटाडाईनचा असतो आणि दोन्ही टोकांना पॉलिस्टायरीनचे छोटे खंड असतात. सर्वसाधारण जातींमध्ये स्टायरीनचे वजनी प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास असते, टोकांच्या खंडांचे रेणुभार दहा ते पंधरा हजारांच्या घरात असतात आणि मधल्या खंडाचा त्याच्या चार-पाच पट असतो. इतक्या नेमक्या लांबीचे खंड एकापुढे एक जोडता येतात ते मायकेल श्वार्त्स यांनी 1956 साली दाखवलेल्या जिवंत अॅनायनिक बहुवारिकीकरणामुळे, म्हणजे लहान रेणू जोडून साखळी वाढवण्याच्या एका पद्धतीमुळे. त्या पद्धतीत साखळीचे टोक मरत नाही, म्हणून एक कच्चा माल संपल्यावर दुसरा घालून तीच साखळी पुढे वाढवता येते. शेल कंपनीत जेफ्री होल्डन आणि राल्फ मिल्कोविच यांनी या रबराचे मर्म ओळखले आणि 1965 साली ते क्रॅटन या नावाने बाजारात आले. आमच्या शहरालगत इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या संकुलात पॉलिब्युटाडाईन रबर बनत असे, त्यामुळे बडोद्याच्या अनेक घरांत हे नाव कानांवरून गेलेले आहे. ते रबर एकटे असेल तर गंधक घालून पक्के केल्याशिवाय त्याची कोणतीही टिकाऊ वस्तू होत नाही, कारण त्याच्या मोकळ्या साखळ्या सावकाश एकमेकींवरून सरकत राहतात. त्याच साखळीच्या दोन्ही टोकांना पॉलिस्टायरीन लावले की गंधकाची गरज उरत नाही.

पॉलिस्टायरीन आणि पॉलिब्युटाडाईन एकमेकांत मिसळत नाहीत. वेगवेगळ्या साखळ्या असत्या तर तेल-पाण्यासारखे त्यांचे दोन स्पष्ट भाग झाले असते. इथे मात्र दोघे एकाच साखळीत रासायनिक बंधाने जोडलेले असल्याने त्यांना साखळीच्या लांबीपेक्षा दूर जाता येत नाही. मग टोकांचे खंड आपापसांत जमून दहा ते तीस नॅनोमीटर आकाराचे पुंजके करतात आणि हे पुंजके रबराच्या समुद्रात ठराविक अंतराने, जवळजवळ स्फटिकासारख्या शिस्तीने मांडले जातात. पॉलिस्टायरीनचे प्रमाण थोडे असेल तर पुंजके गोल असतात, वाढवले की लांब दांडे होतात, आणि दोघांचे प्रमाण जवळपास सारखे झाले की एकाआड एक थर पडतात. दांडे आणि थर यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात जायरॉइड नावाची, दोन गुंफलेल्या जाळ्यांची एक विलक्षण रचनाही आढळते. ही मांडणी होणार की नाही हे दोन खंडांमधील दुराव्याचे माप आणि साखळीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरते. दोन समान खंडांच्या साखळीसाठी हा गुणाकार 10.5 च्या वर गेला की मांडणी सुरू होते, असे लुडविक लाइब्लर यांनी 1980 साली गणिताने दाखवले. तापमान वाढले की दुरावा कमी होतो, त्यामुळे पुरेसे तापवल्यास मांडणी मोडते.

मांडणी झाल्यावर रेणूंच्या हालचालीचे काय होते, हे नीट समजून घेतले तर सोलचे सगळे गुणदोष आपोआप उलगडतात. म्हणून इथे थोडे थांबतो.

साखळीच्या हालचालीचे दोन स्तर असतात. पहिला स्तर लहान तुकड्यांचा. साखळीतील काही मोजके दुवे आपल्याच जागी वळतात, कलंडतात, परत येतात. पॉलिब्युटाडाईन सुमारे उणे 90 अंश सेल्सिअसच्या खाली काचेसारखे गोठते, त्यामुळे बडोद्याच्या हिवाळ्यातल्या पहाटेसुद्धा ते आपल्या गोठणबिंदूच्या शंभरएक अंश वर असते आणि त्याच्या तुकड्यांची ही वळवळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास चालू असते. सोल मऊ लागतो तो यामुळे. दुसरा स्तर अख्ख्या साखळीचा. ती आपली जागा सोडून दुसरीकडे जाते, शेजारच्या साखळ्यांच्या गुंत्यातून स्वतःच्याच अंगाने सरपटत बाहेर पडते. पदार्थ वाहतो, पसरतो आणि दाबलेला आकार विसरतो तो या दुसऱ्या हालचालीमुळे. टोकांना काहीही न जोडलेली, मधल्या खंडाएवढीच लांब पॉलिब्युटाडाईनची साखळी नेहमीच्या तापमानाला सेकंदाभराच्या आत गुंत्यातून सुटते.

मांडणी या दोन स्तरांना सारखी वागणूक देत नाही. तुकड्यांच्या वळवळीवर तिचा परिणाम फारच थोडा होतो. पुंजक्याच्या सीमेला लागून असलेल्या एखाद-दोन नॅनोमीटरच्या पट्ट्यातील दुवे मंदावतात, कारण त्यांचे एक टोक घट्ट पदार्थात अडकलेले असते. सीमेपासून दूर, मधल्या भागातील दुव्यांना मात्र आपण बांधलेलो आहोत याचा जणू पत्ताच नसतो. दाव्याला बांधलेली गाय मान हलवते, शेपूट हलवते, उठते, बसते, पण दावे सुटल्याशिवाय गोठा सोडत नाही. मधल्या खंडाची स्थिती तशीच, फक्त त्याला दावे दोन्ही टोकांना आहे. अख्ख्या साखळीच्या हालचालीला मांडणी जवळजवळ पूर्ण विराम देते. साखळीला जागा सोडायची असेल तर पॉलिस्टायरीनचा खंड आपल्या पुंजक्यातून उपटून, परक्या रबरातून ओढत, पुढच्या पुंजक्यात न्यावा लागतो. त्याला लागणारी ऊर्जा खंडाच्या लांबीबरोबर आणि दुराव्याबरोबर वाढते, आणि अशी उडी पडण्याची शक्यता त्या ऊर्जेच्या घातांकी प्रमाणात घटते. खंड थोडा लांब केला की हालचाल थोडी नव्हे, कित्येक पटींनी मंदावते.

थरांच्या रचनेत हा भेद अधिक स्पष्ट दिसतो. साखळ्या आखूड असतील आणि एकमेकींत गुंतलेल्या नसतील, तर थराला समांतर दिशेने त्या बऱ्याच मोकळेपणाने सरकतात, कारण त्या दिशेने जाताना कोणत्याच खंडाला परक्या थरात पाऊल टाकावे लागत नाही. थराला लंब दिशेने मात्र त्या अडतात. साखळ्या लांब आणि गुंतलेल्या असतील तर समांतर दिशाही बंद होते. गुंत्यातून सुटण्यासाठी साखळीला स्वतःच्या अंगाने पुढे सरपटावे लागते, आणि सरपटताना एक खंड दुसऱ्याच्या थरात शिरल्याशिवाय राहत नाही. रस्ता समोर मोकळा दिसत असूनही चालण्याच्या पद्धतीमुळेच तो बंद व्हावा, हा या विषयातील मला सर्वांत सुंदर वाटणारा निष्कर्ष आहे.

तीन खंडांच्या साखळीत आणखी एक गोष्ट घडते. मधल्या खंडाची दोन टोके दोन वेगळ्या पुंजक्यांत असतील तर तो त्यांच्यामधला पूल होतो. दोन्ही टोके एकाच पुंजक्यात असतील तर नुसते वेटोळे होते. ताण पेलण्याचे काम पुलांचे, मग किती साखळ्या पूल करतात? हिरोशी वातानाबे यांनी 1995 साली स्टायरीन-आयसोप्रीन-स्टायरीनच्या (मध्ये ब्युटाडाईनऐवजी आयसोप्रीन असलेल्या) साखळ्यांवर विद्युतक्षेत्राने ही हालचाल मोजून सुमारे 60 टक्के साखळ्या वेटोळी असल्याचा अंदाज दिला. आयसोप्रीनच्या साखळीला लांबीच्या दिशेने स्वतःचा विद्युत-द्विध्रुव असतो, म्हणजे तिचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. मधल्या खंडाच्या ऐन मध्यावर त्याची दिशा उलटी करून घेतली की बांधलेल्या साखळीचा मध्यभाग कसा हलतो ते मापनात दिसते, आणि म्हणून हे मोजमाप शक्य झाले. निम्म्याहून अधिक साखळ्या वेटोळी असूनही रबर लेचेपेचे होत नाही, कारण समोरासमोरच्या पुंजक्यांतून आलेली वेटोळी एकमेकांत अडकलेली असतात आणि टोके बांधलेली असल्याने त्यांना सुटायला वाव नसतो. अडकलेला गुंता इथे गंधकाच्या बंधाचे काम करतो.

आता पुन्हा सोलकडे येतो. कापलेल्या सोलमधून मी काडीएवढ्या रुंदीच्या पट्ट्या काढल्या. पट्टी पहिल्यांदा ओढताना हाताला जो जोर लागतो तो लगेच दुसऱ्यांदा ओढताना लागत नाही. दुसऱ्या खेपेस ती स्पष्टपणे सैल लागते. दांड्यांच्या रूपातील पॉलिस्टायरीनचे पुंजके पहिल्या ओढीत काही ठिकाणी वाकतात, तुटतात, आणि चॉक पावडरीच्या कणांपासून रबर सुटते, हे त्याचे कारण. तीच पट्टी कोमट पाण्यात काही वेळ ठेवून गार केली आणि पुन्हा ओढली, तर गेलेला जोर बराचसा परत आलेला असतो. उष्णतेने पॉलिस्टायरीनच्या खंडांना थोडी हालचाल मिळते आणि ते पुन्हा जुळतात. नवी सँडल पहिले काही दिवस किंचित ताठ वाटते आणि मग पायाशी जुळते, त्यात चामड्याचा जेवढा वाटा असतो त्याहून अधिक या प्रक्रियेचा असावा, असे मला वाटते.

टाचेच्या खुणेजवळून दोन पट्ट्या कापल्या, एक साच्यात माल ज्या दिशेने वाहिला त्या दिशेची आणि दुसरी तिला आडवी. पहिली पट्टी ओढायला अधिक जड गेली. वितळलेला माल जोराने वाहताना पॉलिस्टायरीनचे दांडे प्रवाहाच्या दिशेने लोळतात आणि साचा गार होताच तसेच गोठतात. अँड्र्यू केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 साली एसबीएस अरुंद वाटेने ढकलून हेच दांडे मोठ्या तुकड्यात जवळजवळ स्फटिकासारखे समांतर मिळवले होते. अशा तुकड्याची दांड्यांच्या दिशेची ताठरता आडव्या दिशेपेक्षा कितीतरी अधिक असते. आपल्या सोलमध्ये हा फरक सौम्य आहे आणि तोही फक्त प्रवेशाच्या खुणेजवळ. पुढच्या, चालताना दुमडणाऱ्या भागात दोन्ही दिशांना सोल सारखाच वागतो. साचा बनवणाऱ्याने खूण टाचेला ठेवली, चवड्याखाली ठेवली नाही, ही जमेची बाजू आहे, कारण दुमडणाऱ्या रेषेवर दांडे एकाच दिशेने ओळीने उभे राहिले तर तडा त्या रेषेवरच धरतो.

आता दोष. मे महिन्यात बडोद्याचा पारा 42-43 अंशांवर असताना मी सँडल मोटारीच्या मागच्या भागात ठेवली होती आणि तिच्यावर पाण्याच्या बाटल्यांचा खोका होता. संध्याकाळी खोक्याची कडा सोलवर स्वच्छ उमटलेली होती आणि ती आजतागायत गेलेली नाही. बंद मोटारीत, उन्हाच्या थेट माऱ्याखालच्या पृष्ठभागाचे तापमान 65-70 अंशांवर सहज जाते. एवढ्याने सोल वितळत नाही. एसबीएस साच्यात ओतण्यासाठी दीडशे अंशांच्या वर तापवावे लागते, आणि तेवढ्या उष्णतेतसुद्धा लांब खंडांच्या जातींमध्ये मांडणी पूर्ण मोडत नाही. आखूड खंडांच्या एका एसबीएसमध्ये ही मांडणी 140 ते 150 अंशांच्या दरम्यान मोडून माल साध्या द्रवासारखा वाहू लागतो, हे 1976 साली नोंदवले गेले आहे. मग 70 अंशांना खोक्याची कडा उमटली कशी?

मांडणी असणे आणि मांडणी गोठलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुद्ध, लांब साखळ्यांचे पॉलिस्टायरीन सुमारे 100 अंशांना काचेची ताठरता सोडते. सोलमधील खंड आखूड असतात, पुंजके अतिशय लहान असतात आणि त्यांच्या सीमेवर सतत वळवळणारे रबर असते, त्यामुळे त्यांचे मऊ होणे बरेच आधी, 70 ते 90 अंशांच्या पट्ट्यात होते, आणि त्याची सुरुवात आणखी थोडी अलीकडे. त्या तापमानाला पुंजके जागेवर असतात, त्यांची शिस्तही शाबूत असते, पण आतले खंड आता गोठलेले नसतात. दीर्घकाळ दाब असेल तर एखादा खंड पुंजक्यातून निसटतो आणि कमी ताणाच्या जागी दुसऱ्या पुंजक्यात जाऊन बसतो. एकेका साखळीच्या अशा उड्या साचत जातात आणि सोलचा आकार बदलतो. संध्याकाळी गार झाल्यावर हे नवे ठिकाणच पक्के होते. म्हणून दाब काढल्यावरही खूण जात नाही. याची खात्री करण्यासाठी मी एक पट्टी ताणून दोन चिमट्यांत पकडली, उकळत्या पाण्यात धरली आणि ताणलेली असतानाच गार केली. सोडल्यावर तिने बरीचशी वाढलेली लांबी राखली. थंड पाण्यात तेवढाच वेळ ताणून धरलेली जोडीची पट्टी जवळजवळ मूळ लांबीवर आली.

हा दोष केवळ या सँडलचा नाही, एसबीएसच्या जातीचाच आहे. मात्र तो वाढवणे किंवा आटोक्यात ठेवणे माल मिसळणाऱ्याच्या हातात असते, आणि म्हणून तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या, स्वस्त जोडाबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. तो जोड एका आठवडी बाजारातला होता, सोलवर कोणतीही छाप नव्हती. हातात घेताच सोल बोटांना किंचित चिकट लागतो आणि कागदावर ठेवला तर रात्रभरात तेलाचा डाग पडतो. तेल रबराच्या भागात मुरते. शंभर भाग एसबीएसमध्ये स्टायरीन 30 भाग असेल आणि त्यात पन्नास भाग तेल घातले, तर पॉलिस्टायरीनचा वाटा पाचव्या हिश्श्यावर येतो; दांडे आखडून गोळ्यांकडे झुकतात आणि पुंजक्यांमधले अंतर वाढते. इथपर्यंत बिघडलेले काही नसते, कारण मऊपणा हवाच असतो. तेलाची जात चुकली की मात्र घात होतो. पॅराफिनिक किंवा नॅफ्थेनिक तेल पॉलिस्टायरीनमध्ये फारसे शिरत नाही. अॅरोमॅटिक (बेंझिनसारखी वलये असलेली) संयुगे जास्त असलेले, काळसर, स्वस्त तेल पुंजक्यातही शिरते आणि खंडांना नेहमीच्या तापमानालाच हालचाल देऊ लागते. स्वस्त जोड कपाटात नुसता एकावर एक ठेवलेला असतानाच चपटा झाला, मोटारीची गरज पडली नाही.

त्या सोलमध्ये कडकपणा परत आणण्यासाठी साधे पॉलिस्टायरीन भरपूर घातलेले असावे, कारण दुमडल्यावर घडीची रेषा पांढरी पडते. बाजारात मिळणाऱ्या साध्या पॉलिस्टायरीनची साखळी एसबीएसच्या टोकांच्या खंडांपेक्षा कित्येक पट लांब असते. ती पुंजक्यांत मावत नाही आणि स्वतःचे वेगळे, मोठे कण करून राहते. या कणांमुळे बोटाला कडकपणा जाणवतो; साखळ्यांना जखडण्याच्या कामी ते येत नाहीत. दुकानातील सँडलमध्येही हे मिश्रण असेलच, पण प्रमाण राखलेले आहे: घडी घातली तर रेषा फिकट होते आणि सोडताच रंग परत येतो.

सोल निवडताना याच दोन गोष्टी पाहाव्यात, असे मी सुचवीन. घडी पांढरी पडून तशीच राहते का, आणि रात्रभर कागदावर ठेवल्यास तेल सुटते का. मऊपणा पाहून काही कळत नाही. मऊपणा पहिल्या हालचालीचा, तुकड्यांच्या वळवळीचा गुण आहे आणि तो चांगल्या-वाईट दोन्ही सोलमध्ये सारखाच जाणवतो.

पकडीबद्दल थोडक्यात. आमच्याकडे बहुतेक जुन्या घरांत कोटा फरशी आहे आणि पावसाळ्यात ओल्या पायाने ती फार घसरते. टीपीआर फरशीच्या बारीक खडबडीतपणात लगेच बसते, त्यामुळे ओल्या फरशीवरही या सँडलने मला विश्वास दिला. खाचा झिजल्यावर मात्र टाच पाण्यावर सरकू लागते. रस्त्यावर झीज पीयू (पॉलियुरेथेन) सोलपेक्षा लवकर होते हे मान्य करावे लागेल. पण पीयूचा सोल वर्षभर बंद कपाटात दमट हवेत पडून राहिला तर पुष्कळदा भुगा होतो, आणि टीपीआरला तो धोका नाही. ईव्हीए हा फेसाळ प्लास्टिकचा सोल वजनाला हलका आहे, पण टाचेखाली दबून राहतो.

तिसरा पर्याय एसईबीएसचा. एसबीएसच्या मधल्या खंडातील दुहेरी बंध हायड्रोजनने भरून काढले की हे रबर मिळते. दुहेरी बंध नसल्याने ऊन आणि ओझोन यांनी ते पिवळे, ठिसूळ होत नाही, आणि बदललेला मधला खंड पॉलिस्टायरीनपासून आणखी दुरावतो, त्यामुळे उड्या आणखी दुर्मीळ होतात आणि मांडणी मोडण्याचे तापमान वर जाते. अशा सोलची सँडल याच दुकानात मागवून मिळते, किंमत जवळजवळ दुप्पट सांगतात. दिवसभर उन्हात डांबरी रस्त्यावर काम असणाऱ्याला ती परवडेल, असे माझे मत आहे, कारण मे महिन्यातील दुपारी डांबराचा पृष्ठभाग 60 अंशांच्या पुढे जातो आणि एसबीएससाठी ती अगदी काठावरची स्थिती असते. घर, बाजार, कचेरी एवढेच फिरणे असणाऱ्याला एसबीएस पुरेसे आहे, कारण चालताना पाऊल क्षणभरच टेकते आणि एवढ्या थोड्या वेळात खंडाला पुंजक्यातून निसटायला सवडच मिळत नाही.

दुकानाच्या सेवेबद्दल मला समाधान आहे. एका पट्ट्याची पेस्टिंग सुटली तेव्हा कारागिराने सोलची जागा कानसेने घासली, आधी प्रायमरचा हात दिला, तो सुकू दिला आणि मगच सोल्यूशन लावले. ही घाई न करणे महत्त्वाचे होते. सोल्यूशनमधील टोल्युईन पॉलिस्टायरीन आणि रबर या दोघांनाही विरघळवते, म्हणजे त्या जागेपुरती मांडणीच मोडते आणि साखळ्या मोकळ्या होतात. द्रावक थोडाच असेल आणि सावकाश उडाला तर सोलचा पृष्ठभाग व चिकटवणारा थर यांच्या साखळ्या एकमेकांत मिसळून मग पुन्हा मांडणी होते आणि जोड पक्का बसतो. ओला असतानाच दाबला तर आत द्रावक अडकून ती जागा कित्येक दिवस मऊ राहते. कारागिराला हे शास्त्र सांगावे लागले नाही. त्याने जोड रात्रभर दाबाखाली ठेवून दुसऱ्या दिवशी न्यायला सांगितले. दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. याच कारणाने सोलवर पडलेला डांबराचा डाग पेट्रोलने पुसू नये, हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही, ते सांगायला हवे.

सँडल पाचशे रुपयांच्या आत मिळाली. दाराआड, सावलीत, एकावर दुसरी न ठेवता ती ठेवावी. दुकान मंगळवारी बंद असते आणि मोठे क्रमांक वरच्या माळ्यावर असतात, ते मागितल्याशिवाय दाखवत नाहीत.